स्टीम टेबल: बंद टाकीच्या गणितात दोन रीतींनी ३५० किलोज्यूलचा फरक का येतो?

थर्मो_दुसरे_वर्ष

नमस्कार. सरावातलं एक गणित खाली देतोय, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

०.५ घनमीटरची घट्ट बंद, न फुगणारी टाकी. आत २ किलो पाणी आणि वाफ मिळून, दाब ३०० किलोपास्कल. टाकी तापवत दाब १ मेगापास्कलवर नेला. शेवटचं तापमान किती आणि उष्णता किती द्यावी लागली?

उष्णता एन्थाल्पीच्या ("एच") फरकावरून काढली की साधारण ३१३१ किलोज्यूल येते, आंतरिक ऊर्जेच्या ("यू") फरकावरून काढली की २७८१. उत्तर २७८० दिलंय, म्हणजे दुसरी रीत बरोबर असणार. पण का? आमच्याकडे बहुतेक गणितांत "एच" वापरूनच उष्णता काढतात.

दुसरी अडचण मुळातली आहे. स्टीम टेबलमध्ये, म्हणजे पाणी-वाफेच्या गुणधर्मांच्या पुस्तकात, चार तक्ते असतात: तापमानाप्रमाणे सॅच्युरेटेड (उकळबिंदूवरचं पाणी आणि वाफ), दाबाप्रमाणे सॅच्युरेटेड, सुपरहीटेड (उकळबिंदूहून गरम वाफ) आणि कॉम्प्रेस्ड लिक्विड (उकळबिंदूहून थंड पाणी). गणित वाचून कुठला उघडायचा हे कसं ठरवता? शेवटच्या स्थितीत मी आधी ड्रायनेस फ्रॅक्शन ("एक्स", वाफेचा वाटा) काढला तर तो १.२९ आला. त्याचं काय करायचं?

उष्मागतिक

आधी तक्त्याचं बोलू, कारण ३५० चा उलगडा त्यानंतर दोन ओळींत होतो.

गणितात दोन गुणधर्म दिलेले असतात. त्यातला एक बहुधा दाब किंवा तापमान असतो. त्या दाबाची (किंवा तापमानाची) सॅच्युरेटेड तक्त्यातली ओळ काढायची आणि दुसरा गुणधर्म त्या ओळीतल्या दोन टोकांशी ताडून पाहायचा (एफ म्हणजे उकळबिंदूवरचं नुसतं पाणी, जी म्हणजे नुसती वाफ). दुसरा गुणधर्म "व्ही" (विशिष्ट आकारमान, म्हणजे दर किलोचं) असेल तर व्हीएफ आणि व्हीजी, "एच" असेल तर एचएफ आणि एचजी, तसंच यू आणि एस (एंट्रॉपी) यांचं. एफच्या खाली असेल तर कॉम्प्रेस्ड लिक्विड, दोघांच्या मध्ये असेल तर ओली वाफ (पाणी आणि वाफ मिळून), जीच्या वर असेल तर सुपरहीटेड. इतर तक्ते या निकालानंतरच उघडायचे. गणितात "वाफ" असा शब्द आहे म्हणून सुपरहीटेड तक्ता आणि "पाणी" आहे म्हणून एफचा रकाना, असं केलं की गणित पहिल्याच पायरीवर फसतं. प्रश्नातला "पाणी" हा शब्द पदार्थाचं नाव सांगतो, अवस्था सांगत नाही.

दाब आणि तापमान दोन्ही दिले असतील तर त्या दाबाचं सॅच्युरेशन तापमान पाहा. दिलेलं तापमान त्याहून जास्त असेल तर सुपरहीटेड, कमी असेल तर कॉम्प्रेस्ड. नेमकं तेवढंच असेल तर मात्र तिसरी माहिती लागेल, कारण ओल्या वाफेत दाब ठरला की तापमान आपोआप ठरतं. १०० किलोपास्कल आणि ९९.६१ °से एवढ्यावरून आत सगळं पाणी आहे, सगळी वाफ आहे की अर्धंअर्धं, हे कुणालाही सांगता येणार नाही.

आता तुमचं गणित. टाकी बंद आणि न फुगणारी, म्हणून विशिष्ट आकारमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच:

व्ही = ०.५ ÷ २ = ०.२५ घनमीटर प्रति किलो

हा आकडा या गणिताचा कणा आहे. दोन्ही स्थितींत तोच दुसरा गुणधर्म.

पहिली स्थिती, ३०० किलोपास्कलची ओळ: तापमान १३३.५२ °से, व्हीएफ ०.००१०७३, व्हीजी ०.६०५८२. आपला ०.२५ मध्ये पडतो, म्हणजे ओली वाफ.

एक्स = (०.२५ − ०.००१०७३) ÷ (०.६०५८२ − ०.००१०७३) = ०.४११६

यूएफ ५६१.११, यूएफजी (यूजी वजा यूएफ) १९८२.१, म्हणून यू१ = ५६१.११ + ०.४११६ × १९८२.१ = १३७७.० किलोज्यूल प्रति किलो.

दुसरी स्थिती, १ मेगापास्कलची ओळ: तापमान १७९.८८ °से, व्हीजी ०.१९४३६. आपला ०.२५ त्याच्या वर, म्हणजे सुपरहीटेड. तुमचा १.२९ याच ठिकाणी आला. एक्स म्हणजे मिश्रणाच्या एकूण वजनात वाफेचा वाटा. तो शून्य ते एकच्या बाहेर जाऊ शकत नाही. एकच्या वर गेला की तक्ता सांगतोय "सुपरहीटेडकडे जा", शून्याखाली गेला की "कॉम्प्रेस्डकडे जा". तो आकडा तसाच पुढे रेटला तर एच = ७६२.५१ + १.२८८ × २०१४.६ म्हणजे जवळपास ३३५७ येईल. खरा आकडा ३०१७ च्या आसपास आहे. ३४० ची चूक, आणि आकडा दिसायला अगदी नेहमीसारखा, त्यामुळे संशयही येत नाही.

सुपरहीटेड तक्त्यात १ मेगापास्कलखाली २५० °से ला व्ही ०.२३२७५ आणि यू २७१०.४, तर ३०० °से ला व्ही ०.२५७९९ आणि यू २७९३.७. इंटरपोलेशनचा (तक्त्यातल्या दोन ओळींमधला आकडा काढण्याचा) अंश:

(०.२५ − ०.२३२७५) ÷ (०.२५७९९ − ०.२३२७५) = ०.६८३४

तापमान = २५० + ०.६८३४ × ५० = २८४.२ °से
यू२ = २७१०.४ + ०.६८३४ × ८३.३ = २७६७.३

उष्णता = २ × (२७६७.३ − १३७७.०) = २७८०.६ किलोज्यूल.

आता ३५०. पहिला नियम बंद वस्तुमानासाठी असा: दिलेली उष्णता = आंतरिक ऊर्जेतली वाढ + केलेलं कार्य. टाकी फुगत नाही, कार्य शून्य, म्हणून उष्णता म्हणजे निव्वळ यूमधली वाढ. एन्थाल्पी म्हणजे यू + दाब × व्ही. एचचा फरक घेतला की त्यात (दाबातली वाढ × आकारमान) हा तुकडा शिरतो: ७०० किलोपास्कल × ०.५ घनमीटर = ३५० किलोज्यूल. तुमच्या दोन उत्तरांतला फरक तंतोतंत हाच आहे. ही ऊर्जा कुणी दिली नाही आणि कुणाला मिळालीही नाही.

"एच" चालतो तो दोन जागी. दाब कायम ठेवून तापवताना (पिस्टन मोकळा वर सरकतो, तेव्हा पिस्टनला ढकलण्याचं कार्य एचमध्ये धरलेलंच असतं) आणि वाहत्या प्रवाहात, म्हणजे बॉयलर, टर्बाइन, पंप, कंडेन्सर, व्हॉल्व्ह. अभ्यासक्रमातली निम्म्याहून जास्त गणितं या दोन प्रकारांतली असल्याने एच वापरायची सवय लागते. झाकण घट्ट बंद असलं की यू.

एक पडताळा नेहमी करा. कुठल्याही स्थितीत एच − यू हा दाब × व्ही इतका यायलाच हवा. पहिल्या स्थितीत एच १४५२.०, यू १३७७.०, फरक ७५, आणि ३०० × ०.२५ = ७५. दुसरीत एच ३०१७.२, यू २७६७.३, फरक २४९.९, आणि १००० × ०.२५ = २५०. चुकून शेजारच्या ओळीतला किंवा भलत्या रकान्यातला आकडा उचलला असेल तर इथे लगेच उघडं पडतं. दाब बारमध्ये असेल तर मात्र १०० ने गुणा: १ बार × १ घनमीटर म्हणजे १०० किलोज्यूल.

संपृक्त_रेषा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यात थोडी भर.

एक्स ०.४१ म्हटलं की डोळ्यांसमोर टाकी अर्ध्याहून जास्त पाण्याने भरलेली येते. हिशेब करून पाहा. पाण्याचं वजन २ × ०.५८८४ = १.१७७ किलो, त्याचं आकारमान १.१७७ × ०.००१०७३ = ०.००१२६ घनमीटर. पाचशे लिटरच्या टाकीत तळाशी जेमतेम सव्वा लिटर पाणी, बाकी सगळी जागा वाफेची. वजनाने ५९ टक्के, आकारमानाने पाव टक्का. "टाकी १० टक्के पाण्याने भरली आहे" असं गणितात असेल तर ते १० टक्के आकारमानाचे असतात. तिथे एक्स ०.९ घेणं साफ चूक. आधी दोन्हींची आकारमानं काढा, व्हीएफ आणि व्हीजीने भागून वजनं काढा, मग एक्स.

परीक्षेत याच टाकीवर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: शेवटचा थेंब कधी उडाला? ज्या दाबाला व्हीजी बरोबर ०.२५ होतो तिथे. तक्त्यात ७५० किलोपास्कलला व्हीजी ०.२५५५२ (१६७.७५ °से) आणि ८०० ला ०.२४०३५ (१७०.४१ °से). मधला हिशेब केला की ७६८ किलोपास्कल आणि १६८.७ °से मिळतात. तिथून पुढे १ मेगापास्कलपर्यंत नुसती वाफ तापते आहे. म्हणूनच दाब ७६८ वरून १००० वर जाईतो तापमान तब्बल ११५ अंशांनी वाढतं, तर त्याआधी ३०० वरून ७६८ पर्यंत फक्त ३५ अंशांनी. आलेखावर इथे ठळक कोन दिसतो.

आणि बंद टाकी तापवली की शेवटी वाफच होणार, हेही गृहीत धरू नका. पाण्याचा क्रिटिकल बिंदू (जिथे पाणी आणि वाफ यांतला भेद संपतो) ३७३.९५ °से, २२.०६४ मेगापास्कल, विशिष्ट आकारमान ०.००३१०६. टाकीतला व्ही याहून मोठा असेल तर तापवताना पाण्याची पातळी शेवटी खाली जात संपते. लहान असेल तर पातळी वर चढते आणि टाकी पूर्ण पाण्याने भरते, मग दाब भयंकर वेगाने वाढतो. या ०.५ घनमीटरच्या टाकीसाठी ती सीमा १६१ किलो आहे.

थर्मो_दुसरे_वर्ष

दोघांचे मनापासून आभार. ३५० चा हिशेब लागला, आणि एच − यूचा पडताळा तर फारच उपयोगाचा आहे.

आणखी तीन शंका:

१) थ्रॉटलिंग कॅलरीमीटर (वाफ व्हॉल्व्हमधून कमी दाबावर सोडून तिचा ओलावा मोजायचं उपकरण). मुख्य नळीत गेजवर ९ बार, व्हॉल्व्हनंतर दाब ०.१ मेगापास्कल ॲब्सोल्यूट, तापमान १२० °से. नळीतल्या वाफेचा ड्रायनेस फ्रॅक्शन काढायचा आहे.
२) ५ मेगापास्कल आणि ८० °से चं पाणी. आमच्या तक्त्यात कॉम्प्रेस्ड लिक्विडचा भागच नाही. काय करायचं?
३) इंटरपोलेशन दाबाच्या बाजूने केलं की "व्ही" कधीकधी बराच चुकतो, एच मात्र बरोबर येतो. असं का?

बॉयलर_कक्ष

पहिल्या शंकेचं उत्तर देतो.

गेजचा दाब आधी ॲब्सोल्यूट करा, म्हणजे त्यात वातावरणाचा दाब मिळवा. स्टीम टेबलमध्ये सगळे दाब ॲब्सोल्यूट असतात. ९ बार गेज + १.०१३ = साधारण १० बार, म्हणजे १ मेगापास्कल. हे विसरलं तर किती बिघडतं? ९ बारच्या ओळीत तापमान १७५.३५ °से आहे, १० बारच्या ओळीत १७९.८८. व्हीजी ०.२१४८९ विरुद्ध ०.१९४३६, म्हणजे साडेदहा टक्क्यांचा फरक. नळीतला वेग किंवा टाकीतलं वजन काढायचं असेल तर हा फरक थेट उत्तरात उतरतो. व्हॅक्यूम गेजला तर उलटं, वातावरणाच्या दाबातून वजा करायचं: वातावरण ७६० मिलिमीटर पारा, व्हॅक्यूम ७००, तर ॲब्सोल्यूट ६० मिलिमीटर, म्हणजे ८ किलोपास्कल, सॅच्युरेशन तापमान सुमारे ४१.५ °से.

थ्रॉटलिंगमध्ये कार्य नाही, नळी उष्णतारोधक आवरणात आहे, वेगातला फरक सोडून द्यायचा. म्हणून आधीचा एच = नंतरचा एच.

व्हॉल्व्हनंतर: ०.१ मेगापास्कलला सॅच्युरेशन ९९.६१ °से, आपलं तापमान १२०, म्हणजे सुपरहीटेड. तक्त्यात १०० °से ला २६७५.८ आणि १५० °से ला २७७६.६.

एच = २६७५.८ + ०.४ × १००.८ = २७१६.१

व्हॉल्व्हआधी: एचएफ ७६२.५१, एचएफजी २०१४.६.

एक्स = (२७१६.१ − ७६२.५१) ÷ २०१४.६ = ०.९७०

गणितात "सुपरहीटेड वाफेची विशिष्ट उष्णता २.१ घ्या" असं दिलं असेल तर एच = २६७५.० + २.१ × २०.३९ = २७१७.८ आणि एक्स ०.९७१. दोन्ही चालतात, जे दिलंय ते वापरा.

या उपकरणाची मर्यादा समजून घ्या, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. व्हॉल्व्हनंतर वाफ सुपरहीटेड असेल तरच दाब आणि तापमान मिळून एच ठरवतात. थर्मामीटर ९९.६ वर अडकला असेल तर वाफ अजून ओली आहे आणि त्या वाचनातून काहीच निघत नाही. १ मेगापास्कलवरून ०.१ वर येताना सीमा अशी निघते: (२६७५.० − ७६२.५१) ÷ २०१४.६ = ०.९४९. म्हणजे नळीतल्या वाफेत साधारण ५ टक्क्यांहून जास्त ओलावा असेल तर नुसता थ्रॉटलिंग कॅलरीमीटर निरुपयोगी. प्रत्यक्षात सीमेला चिकटून राहत नाहीत, निदान ५ अंश तरी सुपरहीट मिळेल असं पाहतात.

ओलावा जास्त असेल तर आधी सेपरेटर लावतात. समजा सेपरेटरमध्ये ०.३ किलो पाणी जमलं आणि थ्रॉटल होऊन कंडेन्स झालेली वाफ ४.७ किलो भरली. सेपरेटरचा वाटा ४.७ ÷ ५ = ०.९४, थ्रॉटलिंगचा ०.९७०, आणि एकूण एक्स दोन्हींचा गुणाकार, ०.९१२. इथे बेरीज-वजाबाकी करणारे बरेच असतात. सेपरेटरमधून बाहेर पडलेली वाफ अजूनही ३ टक्के ओली आहे, आणि ते ३ टक्के या ४.७ किलोचे आहेत, मूळ ५ किलोचे नाहीत. म्हणून गुणाकार.

आवरण नीट नसेल तर उष्णता बाहेर जाते, थर्मामीटर कमी दाखवतो आणि एक्स खऱ्याहून कमी निघतो.

उष्मागतिक

दुसरी शंका. ५ मेगापास्कलला सॅच्युरेशन तापमान २६३.९४ °से आहे. ८० त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे कॉम्प्रेस्ड लिक्विड. आता सॅच्युरेटेड तक्त्यातून काम भागवायचं तर तापमानाची ओळ घ्यायची, दाबाची नव्हे. पाणी दाबाने फारसं बदलत नाही, तापमानाने बदलतं. ५ मेगापास्कलच्या ओळीतला एचएफ ११५४.५ आहे. तो २६४ °से च्या पाण्याचा आहे, आपल्या ८० अंशांच्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

८० °से च्या ओळीत व्हीएफ ०.००१०२९, यूएफ ३३४.९७, एचएफ ३३५.०२, सॅच्युरेशन दाब ४७.४ किलोपास्कल. व्ही आणि यू जसेच्या तसे घ्या. एचला दाबाची दुरुस्ती द्या:

एच = ३३५.०२ + ०.००१०२९ × (५००० − ४७.४) = ३४०.१

कॉम्प्रेस्ड तक्त्यातला आकडा ३३८.९६ आहे आणि यू ३३३.८२. म्हणजे यूमध्ये चूक सुमारे ०.३ टक्का. एचमध्ये दुरुस्तीशिवाय ३.९ ची तूट होती, दुरुस्तीनंतर १.१ ची वाढ आहे. १-२ मेगापास्कलपर्यंत दुरुस्ती गाळली तरी कुणाला कळणार नाही. पंपाच्या कार्यात मात्र ती कधीही गाळू नका. तिथे व्ही × दाबातला फरक हेच तर उत्तर असतं, आणि दोन्हीकडे एकच एचएफ घेतला तर पंपाचं कार्य शून्य निघेल.

संपृक्त_रेषा

तिसरी शंका आवडली, कारण तक्त्यातल्या दोन ओळींमध्ये आपण सरळ रेषा आखतो हे बहुतेक जण ध्यानातच घेत नाहीत.

तापमान कायम ठेवून दाब वाढवला की वाफेचा व्ही साधारण दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. तो आलेख वाकडा आहे, सरळ रेषा त्याच्या वरून जाते. ३०० °से ला ०.५ मेगापास्कलचा व्ही ०.५२२६१ आणि १ मेगापास्कलचा ०.२५७९९. कुणी ०.७५ साठी सरासरी काढली तर ०.३९०३. आता व्हीऐवजी दाब × व्हीचं इंटरपोलेशन करा: ०.५ × ०.५२२६१ = ०.२६१३१ आणि १ × ०.२५७९९ = ०.२५७९९. मधला ०.२५९६५, त्याला ०.७५ ने भागलं की ०.३४६२. सरळ सरासरी जवळपास १३ टक्के जास्त देते! एच आणि यू दाबाबरोबर हळूहळू बदलतात, म्हणून तिथे सरळ इंटरपोलेशन खपून जातं.

दोन्ही बाजूंनी इंटरपोलेशन लागलं तर आधी दोन्ही दाबांच्या ओळींत हव्या त्या तापमानाचे आकडे काढा, मग त्या दोघांमध्ये दाबाचं इंटरपोलेशन करा. आणि सॅच्युरेशनची रेषा कधीही ओलांडू नका. १ मेगापास्कल, १९० °से हवं असेल तर खालचं टोक १७९.८८ ची सॅच्युरेटेड वाफ (एच २७७७.१) आणि वरचं टोक २०० (२८२८.३). उत्तर २८०२.९. खालचं टोक म्हणून १५० घेतलं तर तिथे पाणी आहे, वाफ नाही. पाणी आणि वाफ यांच्यामध्ये ओढलेल्या रेषेवरचा आकडा कशाचाच नसतो.

जाता जाता: उत्तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दशांशात जुळत नसेल तर डोकं फोडू नका. १९९७ नंतरच्या आंतरराष्ट्रीय सूत्रावर आधारलेल्या तक्त्यांत १०० किलोपास्कलचं सॅच्युरेशन ९९.६१ °से आणि एचजी २६७५.०, जुन्या तक्त्यांत ९९.६३ आणि २६७५.५. दोन्ही आपापल्या जागी ठीक. एका गणितात दोन पुस्तकांचे तक्ते मात्र मिसळू नका. शून्य कुठे धरलाय हेही पाहा. स्टीम टेबलमध्ये ०.०१ °से च्या ट्रिपल बिंदूवरच्या पाण्याचे यू आणि एस शून्य धरलेले असतात. दुसरीकडून उचललेल्या एचचा शून्य वेगळा असेल तर वजाबाकीला काही अर्थ उरत नाही.

थर्मो_दुसरे_वर्ष

आता टर्बाइनचं एक. वाफ ३ मेगापास्कल, ४०० °से ला आत येते, १० किलोपास्कलला बाहेर. आयसेंट्रॉपिक एफिशियन्सी (एंट्रॉपी न बदलणाऱ्या आदर्श टर्बाइनच्या तुलनेत खरं कार्य) ८५ टक्के, प्रवाह ५ किलो प्रति सेकंद. बाहेर पडणाऱ्या वाफेचा एक्स आयसेंट्रॉपिकचाच धरायचा ना?

बॉयलर_कक्ष

नाही, तो आदर्श टर्बाइनचा एक्स. खरा वेगळा निघतो, आणि जास्त निघतो.

आत: एच १ = ३२३१.७, एस १ = ६.९२३५. १० किलोपास्कलला एसएफ ०.६४९२, एसएफजी ७.४९९६, एचएफ १९१.८१, एचएफजी २३९२.१.

आदर्श एक्स = (६.९२३५ − ०.६४९२) ÷ ७.४९९६ = ०.८३६६
आदर्श एच = १९१.८१ + ०.८३६६ × २३९२.१ = २१९३.१
आदर्श कार्य = ३२३१.७ − २१९३.१ = १०३८.६
खरं कार्य = ०.८५ × १०३८.६ = ८८२.८ किलोज्यूल प्रति किलो, शक्ती ५ × ८८२.८ = ४४१४ किलोवॅट
खरा एच = ३२३१.७ − ८८२.८ = २३४८.९

इथून पुन्हा पहिल्या पायरीवर जायचं: १० किलोपास्कलचा एचजी २५८३.९, आपला २३४८.९ त्याच्या खाली, म्हणजे अजूनही ओली. खरा एक्स = (२३४८.९ − १९१.८१) ÷ २३९२.१ = ०.९०२. जी ऊर्जा कार्य म्हणून निघाली नाही ती वाफेतच राहिली आणि तिने काही पाणी पुन्हा वाफ केलं. खरा एच एचजीच्या वर गेला असता तर एक्सचा प्रश्नच नव्हता, सुपरहीटेड तक्त्यातून तापमान काढायचं.

८५ टक्क्यांनी एक्सला किंवा एसला गुणू नका. एफिशियन्सी फक्त एचच्या फरकाला लागते. आणि १० टक्के ओलावा ही शेवटच्या पात्यांसाठी सीमेवरचीच गोष्ट आहे. थेंब पात्यांच्या कडा खातात. म्हणूनच दाब वाढवायचा असेल तर तापमानही वाढवतात किंवा रीहीट देतात (वाफ मध्येच पुन्हा तापवतात).

थर्मो_दुसरे_वर्ष

कळलं. शेवटचं: कोरडी वाफ थ्रॉटल केली की ती नेहमी सुपरहीटेडच होते, असं धरलं तर चालेल का? दाब वाढला की एचजी वाढतो म्हणून विचारतोय.

उष्मागतिक

एचजी सतत वाढत नाही. १ मेगापास्कलला २७७७.१, ३ ला २८०३.२, ४ ला २८००.८, १० ला २७२५.५. सुमारे ३ मेगापास्कलपर्यंत चढतो, मग उतरतो. त्यामुळे ३ च्या खालून सुरुवात केली तर तुमचं म्हणणं खरं, वरून केली तर नाही.

१० मेगापास्कलची कोरडी सॅच्युरेटेड वाफ ३ मेगापास्कलवर थ्रॉटल करा. एच २७२५.५ तसाच. ३ मेगापास्कलला एचएफ १००८.३, एचएफजी १७९४.९, म्हणून एक्स = (२७२५.५ − १००८.३) ÷ १७९४.९ = ०.९५७. वाफ ओली झाली, तापमान ३११.० वरून २३३.८५ °से वर आलं. तीच वाफ पुढे ०.१ मेगापास्कलपर्यंत सोडली तर २७२५.५ हा तिथल्या २६७५.० च्या वर आहे, म्हणजे ती पुन्हा कोरडी होऊन सुपरहीटेड होते, तापमान सुमारे १२४.७ °से. मधल्या दाबांवर थांबलेला ओलावा फक्त पहिलं आणि शेवटचं टोक पाहिलं तर दिसणारच नाही.